दामाजीपंतांची पावती

होस्टेलवर राहणाऱ्याला दोन गोष्टी सगळ्यात आधी कळतात. एक, आज मेसमध्ये भाजी कोणती आहे. आणि दुसरी, आजूबाजूला कोणाचे वायफाय पकडते. मागच्या पावसाळ्यात गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांचा पासवर्ड आमच्यातल्या एकाला कळला आणि दोन दिवसांत सगळ्या मजल्याला पाठ झाला. काकांना कोणीच विचारले नाही. सिग्नल असाही हवेतच आहे, आपण वापरला तर त्यांचे काय जाते, असे आमचे लॉजिक होते. फुकट ते पौष्टिक!

यावरून एकदा रात्री रूमवर वाद पेटला. एकजण म्हणाला की दुसऱ्याचे न विचारता वापरले म्हणून कोणी लगेच चोर होत नाही, दामाजीपंतांनी तर बादशहाचे कोठारच वाटून टाकले आणि आपण त्यांना संत म्हणतो. सगळे गप्प झाले. मुद्दा तर बिनतोड वाटत होता. म्हणून दामाजीपंतांचे चरित्रच नीट बघायचे ठरवले.

दामाजीपंत हे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. आपल्या धाराशिवच्या शेजारचाच मुलूख. हे गाव संतांची भूमी म्हणून ओळखले जाते. चोखोबा इथलेच, कान्होपात्राही इथलीच. काळी कसदार जमीन, त्यामुळे ज्वारी एक नंबर. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळाले आहे. पंधराव्या शतकात हा सगळा भाग बहमनी राज्यात होता आणि राजधानी होती बिदर. दामाजीपंत बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार बघायचे. सारा वसूल करायचा, सरकारी धान्य कोठारात भरायचे आणि त्याचा हिशोब बिदरला द्यायचा, हे त्यांचे काम. माणूस विठ्ठलभक्त, पण नोकरीतही चोख.

मग दुष्काळ पडला. हा दुष्काळ 1460 सालचा मानतात आणि त्याला दामाजीपंतांचा दुष्काळ असेच नाव पडले आहे. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. 1972 च्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्यात आणि पाण्याचे टँकर तर आपण स्वतः पाहिलेत. पण तेव्हा ना टँकर, ना रेशन. पीक गेले की माणूस गेला.

महिपतींनी 1762 मध्ये लिहिलेल्या भक्तविजयात आणि पुढे कीर्तनांतून ही कथा आली आहे. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण दामाजीपंतांच्या घरी आला. त्याला पानावर बसवले, पण घास हातात घेतल्यावर तो रडू लागला. घरी बायकापोरे उपाशी होती, त्याच्या घशाखाली अन्न उतरेना. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठवले. ही बातमी पंढरपुरात पसरली आणि लोकांची रीघ लागली. घरातले धान्य किती पुरणार? समोर सरकारी कोठारे भरलेली आणि दारात माणसे मरायला टेकलेली. परवानगी मागायला बिदरला माणूस पाठवायचा, तर तो परत येईपर्यंत कोण जगणार? पंतांनी कोठारे उघडली.

हाताखालच्या एका अधिकाऱ्याने ही खबर बिदरला कळवली. 1460 साली बिदरच्या तख्तावर हुमायूनशाह होता आणि त्याच्या क्रूरपणाची इतिहासात नोंद आहे. अशा दरबारात सरकारी धान्य वाटल्याची शिक्षा काय, हे पंतांना माहीत नसेल असे नाही. पंतांना पकडून आणायचा हुकूम सुटला. ते पळाले नाहीत की दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. शिपायांना त्यांनी फक्त एक विनंती केली, वाटेत पंढरपूरला दर्शन घेऊ द्या. आज मंगळवेढ्याहून बिदरला निघाले तर सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा रस्ता आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातूनच जावे लागते. या दिशेला जाताना पंतांच्या मनात काय चालले असेल, असा विचार आता उमरग्याची एसटी पकडताना हटकून येतो.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे. विठ्ठल विठू महार बनून बिदरला गेला, मंगळवेढ्याच्या धान्याची पूर्ण किंमत दरबारात भरली आणि रीतसर पावती घेतली. ती पावती पंतांना त्यांच्या पोथीत सापडली. बादशहाने त्यांना सन्मानाने सोडले. पण आपल्यासाठी देवाला राबावे लागले याचे पंतांना इतके वाईट वाटले की त्यांनी नोकरी सोडून दिली. आज मंगळवेढ्यात त्यांचे मंदिर आहे, तिथल्या साखर कारखान्यालाही त्यांचेच नाव आहे.

चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. मला वेगळेच वाटते. वसुलीचा पैसा खजिन्यापर्यंत पोहोचवणे हे त्या काळी महार वतनदाराचे काम होते. म्हणून लोकांनी देवाला नेमके तेच रूप दिले. देवच तो, बादशहाची बुद्धी फिरवू शकला असता, कोठारे जादूने परत भरू शकला असता. पण लोकांनी कथा तशी रचली नाही. इतक्या मोठ्या पुण्याच्या कामानंतरही धान्य दुसऱ्याचे होते, त्याचे पैसे चुकते झालेच पाहिजेत, हे त्यांनी धरून ठेवले. या कथेत मोठेपणा कोठार उघडण्याचा आहे, तेवढाच त्या पावतीचाही आहे.

आता आमचा वाद. पंतांनी घेतले ते मरणाऱ्या माणसांसाठी, उघडपणे, आणि जबाबदारी स्वतःच्या मानेवर घेऊन. आम्ही घेतले ते पिक्चर डाउनलोड करायला, गुपचूप, आणि भुर्दंड काकांना. आमच्या पिक्चरमुळे काकांच्या प्लॅनचा डेटा जुलै संपायच्या आतच संपला आणि स्पीड पार बसला. त्याच आठवड्यात पीक विम्याचे फॉर्म भरायला त्यांच्या दुकानात शेतकऱ्यांची रांग होती. साइट उघडेना. दोन म्हातारे शेतकरी दिवसभर बसून संध्याकाळच्या एसटीने परत गेले. त्यातला एक आमच्याच मजल्यावरच्या मुलाच्या गावचा होता. काकांचे काय जाते, याचे उत्तर मिळाले.

आणि कायद्याचे टेन्शन वेगळेच. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या नेटवर्कमध्ये शिरले तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 26 जुलै 2008 च्या अहमदाबाद स्फोटांआधी अतिरेक्यांचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून. त्याचा काही संबंध नसताना चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येणार.

शेवटी आम्ही चौघेजण काकांकडे गेलो आणि सगळे खरे सांगितले. काका चिडले, मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. वर्गणी काढून आम्ही त्यांचे रिचार्ज करून दिले. काकांनी पासवर्ड बदलला, पण परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर विचारून येत जा, असेही सांगितले. ते दोन शेतकरी दुसऱ्या दिवशी परत आले, फॉर्म भरून झाले, पण त्यांची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे आम्ही भरून देऊ शकलो नाही. त्याची पावती अजून बाकी आहे.

तेव्हा मित्रांनो, खरीच अडचण असेल तर दार वाजवा आणि विचारा. विचारायला वेळच नसेल तर नंतर स्वतः जाऊन सांगा आणि हिशोब चुकता करा. एवढे जमले तरच दामाजीपंतांचे नाव घ्यावे.