ग्रंथपालांचे आचार्य : डॉ. एस. आर. रंगनाथन

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये ते गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. परंतु विद्यार्थ्यांत रमलेल्या या शिक्षकाला तेथील एकांत सोसवेना. थोड्याच दिवसांत त्यांनी महाविद्यालयात परतण्याची परवानगी मागितली. आधी इंग्लंडमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, मग निर्णय घ्यावा, असे ठरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांनी तेथील अनेक ग्रंथालये पाहिली. सामान्य माणसे आणि लहान मुलेही तेथे हक्काने पुस्तके हाताळीत. ग्रंथपाल हाही शिक्षकच असतो, हे त्यांना उमगले. महाविद्यालयात परतण्याचा विचार तेथेच मावळला.

१९२५ मध्ये मायदेशी आल्यावर त्यांनी पुस्तकांची कपाटे वाचकांसाठी खुली केली. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्यांनी ग्रंथरूपाने मांडली. पुस्तकाचा उपयोग व्हावा, योग्य पुस्तक योग्य वाचकाला भेटावे, त्याचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहावे, हे त्यांचे सार. त्यासाठी ग्रंथपालाला वर्गीकरण आणि तालिकीकरण तर यावेच लागते. शिवाय अनेक विषयांची तोंडओळख आणि संकोचलेल्या वाचकाची नेमकी गरज ओळखण्याचा संयमही लागतो.

लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले होते. त्याच त्या सुट्या भागांतून निरनिराळ्या वस्तू तयार होत. विषयाचेही असेच घटक पाडून ते चिन्हांनी जोडता येतील, या विचारातून १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

१९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामागे त्यांचे दीर्घ परिश्रम होते. पुढे आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये देऊन त्यांनी मद्रास विद्यापीठात पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस आज देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते, अशा कितीतरी मुलांना पहिले अवांतर पुस्तक वसतिगृहाच्या वाचनालयातच मिळते. ते हाती देणाऱ्या ग्रंथपालाचे नाव पुष्कळदा विस्मृतीत जाते. त्याचे ऋण मात्र जन्मभर सोबत राहते. अशा सर्व ग्रंथसेवकांच्या या आचार्यांस विनम्र अभिवादन!