आद्य मराठी कवयित्री महदाइसा

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम मजकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. मी महदाइसा निवडली. मराठीत नाव ठाऊक असलेली पहिली कवयित्री तीच.

अंबाजोगाईस मुकुंदराजांच्या समाधीला आपण जातो. त्यांचा विवेकसिंधु ११८८ सालचा मानतात. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतबाहेर महदाइसेचा काळ. देवगिरीस यादवांचे राज्य होते. तिला बालपणीच वैधव्य आले. अशा मुलीने उपासतापास करीत घराच्या कोपऱ्यात जन्म काढावा, ही त्या वेळची रीत. हेमाद्रि पंडिताचा व्रतांवरील भला मोठा ग्रंथ याच काळातला. एवढी सारी व्रते करायची तर स्वयंपाक कोणी करायचा, कोण जाणे!

महदाइसा प्रथम दादोस नावाच्या गुरूंच्या मंडळीत होती. त्यांच्याचमुळे ती चक्रधरस्वामींकडे आली. हे स्वामी गोदाकाठच्या गावांतून हिंडत, पैठणास राहत, आणि धर्म मराठीतून सांगत. जातीचा भेद ते मानीत नसत. बायकांनाही त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. महिन्याच्या अडचणीचा विटाळ मानण्याचे कारण नाही, नाक वाहते तसाच तो देहाचा धर्म, असे त्यांनी साडेसातशे वर्षांपूर्वी सांगितले. आपल्यातल्या किती घरांत अजून बाजूला बसावे लागते, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

महदाइसेचा विशेष म्हणजे तिचे प्रश्न. ऐकून मान डोलावणारी ती नव्हती. उलगडा होईपर्यंत विचारीत राही. लीळाचरित्रात ठिकठिकाणी ती विचारते व स्वामी उत्तर देतात. म्हणजे पुष्कळसा उपदेश तिने विचारले म्हणून आपल्याला मिळाला. तिचा चुलतभाऊ नागदेवाचार्य पुढे पंथाचा प्रमुख झाला. तिच्या जिज्ञासेचे त्यालाही मोठे कौतुक.

स्वामी १२७४ च्या सुमारास निघून गेल्यावर ही मंडळी वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली. गोविंदप्रभूंचे वागणे लोकविलक्षण. एकदा त्यांनी स्वतःच्या लग्नाची हौस धरली. भक्तांनीही लग्नाची तयारी केली. लग्न म्हटले की गाणी हवीत. ती महदाइसेने तिथल्या तिथे रचून म्हटली. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची ही गाणी म्हणजे 'धवळे'. उत्तरार्ध तिने पुढे मंडळींच्या आग्रहाने रचला. जिला स्वतःला संसार लाभला नाही आणि विधवा म्हणून मांडवात जिची सावलीही चालली नसती, तिने लग्नाची गाणी म्हणावीत! मला तर हे वाचताना गहिवरून आले.

आणखी एक हकीकत सांगते. केशिराज हा संस्कृताचा मोठा पंडित. त्याने पंथाचे ज्ञान संस्कृतात मांडायला घेतले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडविले. संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील, एवढेच त्यांचे कारण होते. बायकांना समजावे म्हणून पंडिताची लेखणी थांबविल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या, त्यामुळे बाहेरच्यांना कित्येक शतके त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि महदाइसा सर्वांना भेटली. त्याच रिद्धपुरास २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.

धवळे आता छापील मिळतात. येत्या लग्नसराईत हळदीला ते म्हणून पाहावेत, अशी माझी मंडळास सूचना आहे. चाल आपल्या ओव्यांची लावता येईल.