पायी चालणाऱ्याच्या मापाचा रस्ता

जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावाची ओळख आता महाराष्ट्राला नव्यानं करून द्यावी लागत नाही. सीना नदीच्या काठच्या या गावात, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी, १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. याच चौंडीत ३१ मे २०२३ रोजी जिल्ह्याचं नाव बदलण्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही इथंच भरली. काशी, सोमनाथ, गया इथली मंदिरं आणि नर्मदेवरचे घाट ही अहिल्याबाईंच्या कामांची यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. पण देवळापर्यंत माणूस पोचणार कसा, याचा विचार या बाईंनी देवळाइतकाच केला होता. तो भाग आपण ओझरता वाचून पुढं जातो.

मला तो दिसला सायकलमुळे. बँकेच्या नोकरीत काही वर्षं माझा मुक्काम जामखेडला होता. विहिरीची, इंजिनाची, म्हशीची कर्जं पाहायला आडगावांना जावं लागे. डांबरी रस्त्यानं गेलं तर ट्रक अंगावर धूळ उडवत जात. म्हणून मी पाणंदीची, नाही तर तळ्याच्या कडेची मुरमाची वाट धरायचो. गावाला पाणी पुरवणारा भुतवडा तलाव माझ्या विशेष आवडीचा. नगर-बीड भागातले कित्येक पाझर तलाव आणि कच्चे रस्ते १९७२च्या दुष्काळात माणसांनी टिकाव-फावड्यानं केलेले. दाबून बसलेल्या मुरमावर चाक कुरकुरत चालतं, एका अंगाला पाणी चमकत असतं, दुसऱ्या अंगाला ज्वारीचं रान. भेटलाच तर एखादा मेंढपाळ, नाही तर शाळेला निघालेल्या पोरी.

अशा वाटेवर अंतराचा हिशेब बदलतो. पुढच्या लिंबाखाली क्षणभर टेकता येईल, त्यापुढच्या वस्तीवर पाणी मिळेल, अंधार पडायच्या आत अमुक गाव गाठता येईल, असं शरीरच मोजत जातं. सायकल जन्माला आली ती अहिल्याबाईंच्या पश्चात, युरोपात. पण सावली, पाणी आणि निर्धास्तपणा या तीन गोष्टींनी रस्ता मोजणं, हे मोजमाप त्यांचंच.

ते त्यांना कुठून सुचलं? चौंडीच्या देवळात मल्हारराव होळकरांनी आठ वर्षांची ही मुलगी पाहिली आणि सून म्हणून पसंत केली, असं सांगतात. लग्न झालं मल्हाररावांच्या एकुलत्या मुलाशी, खंडेरावांशी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना परावृत्त केलं. पुढं मल्हाररावांनी सुनेला घरात बसवून ठेवलं नाही. तोफखाना पुढं न्यायचा, दाणागोटा आणि दारूगोळा जमवायचा, अशी कामं ते पत्रानं त्यांच्यावर सोपवत. तोफ ओढणारे बैल चढावर कुठं थकतात आणि नदीचा उतार कुठं मिळतो, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून असली कामं होत नाहीत. देवळांच्या आधी या बाईंनी रस्ते ओळखले ते असे.

१७६६ साली मल्हारराव गेले. गादीवर आलेला मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी गेला. दौलतीला वारस नाही हे पाहून गंगाधर यशवंत चंद्रचूड या कारभाऱ्यानं दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांना मधे ओढलं. अहिल्याबाई नमल्या नाहीत. लढाईची तयारी त्यांनी उघडपणे केली. अखेर पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांचाच हक्क मान्य केला. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून त्यांनी कारभार आपल्या हाती ठेवला आणि महेश्वर ही राजधानी केली. पुढची २८ वर्षं, १७९५ पर्यंत, तो चालला.

माळव्याचं पठार वर आणि महेश्वर खाली नर्मदेकाठी. मधे विंध्याचा सरळसोट कडा. जाम इथं या कड्यावरून अहिल्याबाईंनी मोठ्या कष्टानं आणि खर्चानं रस्ता काढला. घाटाच्या माथ्यावर त्यांनी बांधलेला दगडी दरवाजा आजही उभा आहे. रस्ता काढला तरी त्यावरून निर्धास्त जाता आलं पाहिजे. डोंगरात भिल्लांची धास्ती असे. आधी त्यांनी सक्ती करून पाहिली, मग मार्ग बदलला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात भिल्ल नायकांकडून कबुली घेतली, की आपल्या हद्दीत चोरीला गेलेला माल त्यांनी शोधून परत द्यायचा. ज्यांच्यापासून भीती, त्यांनाच राखणदार केलं.

त्यांच्या मृत्यूनंतर २०-२५ वर्षांनी जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. त्यानं लोकांना विचारून अहिल्याबाईंची माहिती गोळा केली आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात छापली. त्यातले तपशील वाचून मी थबकलो होतो. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर माणसं नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल मधेच थांबवून बाईंचा नोकर त्यांना पाणी पाजून जाई. शेतकरी पाखरांना हाकलतात यात त्यांचं चुकत नाही, म्हणून पाखरांसाठी बाईंनी निराळी शेतं विकत घेऊन ठेवली होती. नर्मदेतल्या माशांनाही खाऊ घातलं जाई. शेतकऱ्याचं नुकसान नको आणि पाखरूही उपाशी नको, हा हिशेब किती सरळ!

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचं लक्ष साहजिकच पैशाकडे जातं. होळकरांच्या दौलतीत सरकारी खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. दानधर्माचा मोठा भार अहिल्याबाईंनी खासगीवर ठेवला. शिवाय देवस्थानांना आणि अन्नछत्रांना वर्षासनं नेमून दिली. धर्मशाळा एकदा बांधून भागत नाही. दिवाबत्ती, झाडलोट, राखणदाराचा पगार हे दर वर्षीचे खर्च असतात. आपण आजही बांधकामाला पैसे मंजूर करतो आणि देखभालीच्या रकान्यात शून्य लिहितो.

या साऱ्या काळात घरात मात्र एकामागून एक दिवे विझत होते. मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू एवढाच आधार उरला होता. आधी नातू गेला. मग १७९१ साली जावई गेले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. जिला स्वतःला सासऱ्यांनी त्या वाटेवरून परत आणलं होतं, त्या आईनं मुलीची परोपरीनं विनवणी केली. मुलीनं ऐकलं नाही. त्यानंतर आईनं काही दिवस अन्न घेतलं नाही. मग त्या पुन्हा कारभाराला बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांचं देहावसान झालं. ज्यांना आपलं म्हणावं असं घरात कुणी उरलं नव्हतं, त्यांच्या पाणपोईवर वाटेवरचा प्रत्येक अनोळखी माणूस घरचाच होता.

आता जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. गावोगाव पुतळे आणि चौक होतील, व्हावेत. पण मला वाटतं, त्यांच्या नावाला शोभेल असं आणखी एक स्मारक आपल्या हातात आहे. इंग्लंडात कालव्याकाठी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाटा होत्या. नावांचा जमाना गेला. लोकांनी त्या वाटा राखल्या आणि आज त्यांवरून माणसं चालतात, सायकली जातात. आपल्याकडेही तलावांच्या कडेनं, कालव्यांच्या काठानं, पाणंदींतून अशा वाटा आहेत. त्या नव्यानं बांधायला नकोत, फक्त मोडू द्यायला नकोत. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला सोयीचा रस्ता मिळालाच पाहिजे, त्यावर डांबर पडलं तर त्याचा आनंदच आहे. पण तळ्याकाठची एखादी वाट मुरमाचीच राहू द्यावी. तिच्या दोन्ही अंगांना लिंब, चिंच, वड लावावेत. मैला-दोन मैलांवर पाण्याचा रांजण असावा आणि तो रोज भरणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद आधी करावी.

जामखेडहून चौंडीपर्यंत अशी एक वाट जोडता आली तर? शाळेच्या पोरींना तिच्यावरून हॉर्नच्या भीतीशिवाय सायकल चालवता येईल, म्हाताऱ्यांना काठी टेकत जाता येईल, मेंढरांना पाण्यावर उतरता येईल. तिला कुणाचं नाव दिलं नाही तरी चालेल. उन्हातून आलेल्या माणसाला रांजण भरलेला मिळाला, की ती वाट कुणाची हे त्याला सांगावं लागणार नाही.