इमाम अबू हनीफा (रह.) : कूफ्याच्या बाजारातील करारशास्त्र

नमाजमध्ये हात कोठे बांधावेत, वुजू कशाने तुटतो, असे प्रश्न पडले की आपल्यापैकी बहुतेकजण इमाम अबू हनीफा (रह.) यांचे नाव घेतात. परंतु घर भाड्याने देताना, जमिनीचे साठेखत करताना किंवा मुलीचा निकाह ठरवताना त्यांची आठवण आपल्याला क्वचितच होते. वास्तविक हे इमाम साहेब मुळात कापडाचे व्यापारी होते. दोन माणसांमधला करार केव्हा पक्का होतो, केव्हा मोडता येतो आणि तो कोणी करावा, या प्रश्नांचा त्यांनी केलेला विचार आजही आपल्या मदरशांत शिकविला जातो.

त्यांचे नाव नोमान बिन साबित. जन्म हिजरी 80 मध्ये, म्हणजे इ.स. 699 मध्ये, इराकमधील कूफा शहरात झाला. घरचा धंदा ‘खज्ज’ या रेशीममिश्रित कापडाचा. तरुणपणी ते बाजाराच्या वाटेवर असताना इमाम शअबी (रह.) यांनी त्यांना हटकले आणि अशा तल्लख बुद्धीच्या मुलाने विद्वानांच्या बैठकीत बसावे, असा सल्ला दिला. पुढे हम्माद बिन अबी सुलैमान (रह.) यांच्याजवळ त्यांनी अठरा वर्षे अध्ययन केले आणि हिजरी 120 मध्ये गुरूंच्या निधनानंतर त्यांच्या आसनावर बसले. दुकान मात्र बंद झाले नाही. भागीदारांच्या मदतीने व्यापार चालू राहिला.

करारासंबंधी त्यांच्या विचाराचे मूळ दिव्य कुरआनात आहे. सूरह निसाच्या 29 व्या आयतीत अल्लाहने एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास मनाई केली आणि परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला. आता राजीखुशी ही मनातली गोष्ट. मन तर कोणाला दिसत नाही! म्हणून फिक्हने तिला शब्दांची खूण दिली. एकाने प्रस्ताव मांडावा, तो ‘ईजाब’. दुसऱ्याने तो स्वीकारावा, तो ‘कबूल’. हे दोन्ही एकाच बैठकीत झाले पाहिजेत. स्वीकृती येण्याआधी प्रस्ताव मांडणारा तो मागे घेऊ शकतो. उत्तर न देताच बैठक उठली, तर प्रस्तावही संपला. एकाने हजार दिरहम सांगितले आणि दुसऱ्याने नऊशेला होकार दिला, तर तो होकार नव्हेच. तो नवा प्रस्ताव आहे. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या वाचकांना येथे 1872 च्या भारतीय करार अधिनियमाची आठवण होईल. दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने संमती द्यावी, ही अट तेथेही आहे.

परंतु माहितीवाचून दिलेला होकार हा खरा होकार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर इमाम साहेबांच्या ग्रंथचर्चेइतकेच त्यांच्या दुकानातही सापडते. हफ्स बिन अब्दुर्रहमान हे त्यांचे भागीदार. त्यांच्याकडे माल पाठविताना इमाम साहेबांनी कळविले होते की अमुक कापडात दोष आहे, विकताना तो गिऱ्हाइकाला सांगावा. हफ्स विसरले. गिऱ्हाईक कोण होते तेही कळेना. चरित्रकार सांगतात की इमाम साहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. दोष असलेला माल न सांगता गळ्यात पडला, तर तो परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. फिक्हमध्ये त्याला ‘खियारे ऐब’ म्हणतात. न पाहता माल घेतला असेल, तर पाहिल्यावर सौदा मोडण्याचा अधिकारही हनफी मताने त्याला मिळतो. दान करणे ही इमाम साहेबांची धर्मभीरुता होती. परंतु ज्या गिऱ्हाइकाचा अधिकार बुडाला, त्याच्याच मालकीच्या भावनेने ते त्या पैशाकडे पाहत होते, असे मला वाटते.

दुसरी घटना याहून बोलकी आहे. एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर मागितले. इमाम साहेब म्हणाले की याची किंमत जास्त आहे. ती शंभराशंभराने वाढवीत चारशेपर्यंत आली, तरी त्यांचे म्हणणे तेच. ही थट्टा आहे असे तिला वाटले. तेव्हा त्यांनी तिलाच जाणकार माणूस आणायला सांगितले आणि त्याच्या सांगण्यावरून पाचशेला ते वस्त्र घेतले. जाणणारा आणि न जाणणारा यांच्यातला सौदा शब्दांनी पूर्ण होतो खरा, पण तिचे अज्ञान त्यांनी आपला नफा मानले नाही. जुना बंगडीचा जोड मोडायला आलेल्या विधवेसमोर तराजू धरणाऱ्या आपल्या भावांनी ही घटना जरूर वाचावी.

माल पुढे मिळायचा आणि पैसे आज द्यायचे, अशा ‘सलम’ व्यवहाराला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माप, वजन आणि मुदत ठरलेली असण्याची अट घातली. इमाम साहेबांनी त्यातून सात गोष्टी बांधल्या: मालाची जात, प्रकार, प्रत, प्रमाण, मुदत, दिलेल्या रकमेचा आकडा आणि माल पोचविण्याची जागा. शेवटच्या दोन बाबतीत त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद (रह.) यांचे मत थोडे वेगळे पडले. पण वाहतुकीच्या खर्चावरून होणारी भांडणे ज्याने पाहिली असतील, त्याला जागेचा आग्रह का, हे समजावून सांगावे लागत नाही.

आता कोणाचा होकार ग्राह्य, हा प्रश्न. उधळ्या माणसाचे व्यवहार काजीने रोखावेत, असे दोन्ही शिष्यांसह अनेकांचे मत होते. इमाम साहेबांनी ते मानले नाही. अपरिपक्व तरुणाची संपत्ती पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या हाती देऊ नये, एवढे त्यांनी स्वीकारले. पण सज्ञान, शुद्धीवरील माणसाचा शब्दच निरर्थक ठरविणे म्हणजे त्याला माणसांतून उठविणे आहे आणि हे नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, अशी त्यांची भूमिका होती. हाच विचार त्यांनी स्त्रीलाही लावला. सज्ञान स्त्री आपली मालमत्ता स्वतः विकू शकते, तर आपला निकाहही ती स्वतः करू शकते. जोड अनुरूप नसेल तर वलीला हरकत घेता येते. परंतु तिच्या संमतीवाचून तिचा निकाह कोणी लावू शकत नाही. शाफई मसलकात वली आवश्यक आहे, हे कोकणातील वाचक जाणतातच. निकाह पढविताना मी मात्र वारंवार पाहतो की मुलीला संमती विचारायला साक्षीदार आत जातात, तेव्हा मंडपात देगी उतरलेल्या असतात. त्या घटकेला ती नाही म्हणेल तरी कशी? विचारणे फार आधी व्हायला हवे होते.

स्वतःच्या होकाराबाबतही इमाम साहेब तितकेच कठोर होते. उमय्या राजवटीच्या अखेरीस इराकचा सुभेदार इब्ने हुबैरा याने पद देऊ केले. नकार दिल्यावर फटके मारले. नंतर अब्बासी खलीफा मन्सूरने काजीपद पुढे केले. आपण त्या पदाला लायक नाही, असे इमाम साहेबांनी सांगितले. खलीफाने त्यांना खोटे ठरविले, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की मग खोटे बोलणारा माणूस काजी कसा होईल? प्रस्ताव खलीफाचा होता, तलवारही त्याचीच होती, तरी कबूल त्यांच्या तोंडून निघाले नाही. ते कैदेत पडले आणि हिजरी 150 (इ.स. 767) मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. खैजुरानच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. तो भाग आज त्यांच्याच उपाधीवरून आझमिया म्हणून ओळखला जातो.

त्याच वर्षी इमाम शाफई (रह.) जन्मले. खरेदीदार आणि विक्रेता वेगळे होईपर्यंत दोघांनाही अधिकार आहे, या हदीसचा अर्थ त्यांनी शरीराने वेगळे होणे असा घेतला. हनफी इमामांनी बोलणे संपून वेगळे होणे असा घेतला. म्हणून आजही मराठवाड्यातील हनफी दुकानदाराचा सौदा ‘घेतले’ म्हणताच बांधला जातो, आणि रत्नागिरीतील शाफई गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरेपर्यंत आपला विचार बदलू शकते.