दर्यावर्दी विल्यम ब्राउन

आयर्लंडच्या पश्चिम भागात मेयो परगण्यात फॉक्सफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी २२ जून १७७७ रोजी विल्यम ब्राउनचा जन्म झाला. तो सुमारे नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील उपजीविकेच्या शोधात त्याला घेऊन अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी आले. ज्या मित्राच्या भरवशावर ते आले होते, तो पीतज्वराच्या साथीला बळी पडला. आणि थोड्याच दिवसांत विल्यमचे वडीलही त्याच रोगाने गेले. परक्या मुलखात तो मुलगा पोरका झाला.

एके दिवशी डेलावेअर नदीच्या काठी तो भटकत असता एका व्यापारी गलबताच्या कप्तानाची दृष्टी त्याच्यावर पडली. कप्तानाने त्याला काम देऊ केले व विल्यमने ते आनंदाने पत्करले. जहाजावरील पोऱ्या म्हणून त्याचे सागरी जीवन सुरू झाले. सुमारे दहा वर्षे व्यापारी जहाजांवर राबून तो शिडे, वारे आणि प्रवाह यांचे शास्त्र शिकला. त्या काळी इंग्रजांचे आरमार व्यापारी जहाजांवरील खलाशांना सक्तीने आपल्या चाकरीत घेत असे. १७९६ साली ब्राउनवरही हा प्रसंग ओढवला. पुढे तो फ्रेंचांच्या हाती सापडला व त्याला कारावास भोगावा लागला. परंतु तेथून निसटून त्याने जर्मन प्रदेश गाठला. १८०९ साली एलिझाबेथ चिटी हिच्याशी त्याचा विवाह झाला.

त्यानंतर ब्राउनने दक्षिण अमेरिकेतील प्लाता नदीच्या विशाल मुखाशी आपला व्यापार मांडला. नदीच्या एका तीरावर ब्युनॉस आयरीस व दुसऱ्या तीरावर माँटेव्हिडिओ ही शहरे आहेत. या दोन शहरांमध्ये त्याने आपल्या जहाजाची नियमित वाहतूक सुरू केली. परंतु १८१० च्या मे महिन्यात ब्युनॉस आयरीसच्या लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला होता आणि माँटेव्हिडिओ स्पेनच्याच ताब्यात होते. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ब्राउनचे जहाज हिरावून घेतले. तेव्हा शांतपणे व्यापार करू इच्छिणारा हा परदेशी गृहस्थ स्वातंत्र्याच्या पक्षाला जाऊन मिळाला.

१ मार्च १८१४ रोजी नव्या आरमाराचे सेनापतिपद त्याला देण्यात आले. आरमार कसले, घाईघाईने तोफा चढविलेली काही व्यापारी जहाजेच ती! त्यांवरील खलाशी निरनिराळ्या देशांचे होते. मार्टिन गार्सिया बेटाजवळच्या पहिल्याच लढाईत ब्राउनचे ‘हर्क्युलीस’ हे मुख्य जहाज उथळ पाण्यात रुतून बसले आणि शत्रूच्या तोफांनी त्याची चाळण केली. दुसरा एखादा सेनापती असता तर परत फिरला असता. ब्राउनने जहाजाची छिद्रे कातडी व डांबर यांनी बुजविली आणि काही दिवसांतच पुन्हा हल्ला चढवून ते बेट जिंकले. मे महिन्यात माँटेव्हिडिओपुढे लढत असता तोफेच्या धक्क्याने त्याचा पाय मोडला. तरीही पडल्या जागेवरून त्याने हुकूम सोडणे थांबविले नाही. १७ मे रोजी स्पॅनिश आरमाराचा मोड झाला. समुद्राची वाट बंद झाल्यामुळे जूनमध्ये माँटेव्हिडिओ शरण आले.

१८२५ च्या अखेरीस ब्राझीलने युद्ध पुकारले आणि ब्युनॉस आयरीसची नाकेबंदी केली. घरी स्वस्थ बसलेल्या ब्राउनला देशाने पुन्हा हाक दिली. ११ जून १८२६ रोजी लोस पोझोस येथे त्याच्या ११ लहानमोठ्या नौकांवर ब्राझीलची ३१ जहाजे चालून आली. किनाऱ्यावर जमलेल्या नगरवासीयांच्या डोळ्यांदेखत त्याने तो हल्ला परतविला. फेब्रुवारी १८२७ मध्ये हुनकाल येथे शत्रूच्या १७ जहाजांपैकी १५ त्याने पकडली किंवा नष्ट केली.

परंतु विजयाची किंमत मोठी असते. त्याची मुलगी एलिझा हिचा विवाह फ्रान्सिस ड्रमंड या तरुण स्कॉटिश अधिकाऱ्याशी ठरला होता. एप्रिल १८२७ मध्ये मोंते सांतियागोच्या लढाईत ड्रमंड कामास आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एलिझाचा पाण्यात बुडून अंत झाला. ज्या पाण्यावर पित्याने कीर्ती मिळविली, त्याच पाण्याने त्याची लेक नेली. हे दुःख उरात बाळगून ब्राउन आपले कर्तव्य करीत राहिला. १८२८ साली तह झाला आणि उरुग्वे हे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले.

शत्रूविषयी त्याच्या मनात आकस नसे. १८४२ साली पाराना नदीवर त्याने उरुग्वेच्या नौकांचा पराभव केला. त्यांचा नायक होता गॅरिबाल्डी, जो पुढे इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजला. त्याचे शौर्य पाहून ब्राउनने त्याचा पाठलाग करू दिला नाही, असे सांगतात. १८२६ च्या युद्धात त्याच्याशी लढताना एक हात गमावलेला ब्राझीलचा अधिकारी ग्रेनफेल हाही पुढे वृद्ध ब्राउनला आदराने भेटून गेला.

१८४७ साली ब्राउनने आपल्या जन्मभूमीला भेट दिली. त्या वेळी आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ होता. बालपणी सोडलेला तो देश अशा अवस्थेत पाहून तो ब्युनॉस आयरीसला परतला. कारण त्याचे घर आता तेथेच होते. तेथेच ३ मार्च १८५७ रोजी त्याचे निधन झाले.

आर्जेंटिना त्याला आपल्या आरमाराचा जनक मानतो व १७ मे हा दिवस आरमारदिन म्हणून पाळतो. मनुष्य कोठे जन्मला यापेक्षा, ज्या भूमीने त्याला आश्रय दिला तिचे ऋण त्याने कसे फेडले, यावरून त्याची योग्यता ठरते. विल्यम ब्राउनने ते ऋण आयुष्यभर फेडले.