लुईसा वॉटरफर्ड : गावातल्या मुलांची चित्रकर्ती

व्यक्तिचित्र हेही इतिहासाचे साधन आहे. त्यातून चित्रित व्यक्तीची जशी ओळख होते, तशीच चित्रकाराचीही होते. हे समजून घेण्यासाठी लेडी लुईसा वॉटरफर्ड यांचे चरित्र पाहू.

लुईसा यांचा जन्म १८१८ मध्ये पॅरिस येथे झाला. वडील तेथे ब्रिटिश राजदूत होते. त्या काळी उमराव घराण्यातील मुलींना जलरंग शिकवीत. मात्र चित्रकला हा त्यांचा व्यवसाय व्हावा, अशी अपेक्षा नसे. १८४२ मध्ये वॉटरफर्डच्या मार्क्विसशी विवाह होऊन त्या आयर्लंडला गेल्या. १८५९ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून पतीचा मृत्यू झाला. त्यांना अपत्य नव्हते.

त्यानंतर त्या उत्तर इंग्लंडमधील फोर्ड या गावी राहिल्या. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा बांधली आणि १८६२ ते १८८३ अशी एकवीस वर्षे तिच्या भिंतींसाठी बायबलमधील बालकांच्या कथा जलरंगात रंगविल्या. इसहाक, मोशे, दावीद यांच्या रूपात आपणांस दिसतात ते फोर्डच्या रहिवाशांचे आणि त्यांच्या लेकरांचे चेहरे. कलासमीक्षक रस्किन यांना हे काम फारसे रुचले नाही. तरीही लुईसा यांनी ते पूर्ण केले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता या चरित्राचा आपल्या परिसराशी असलेला संबंध पाहा. लुईसा यांच्या थोरल्या भगिनी शार्लट याही जलरंगात चित्रे काढीत. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या त्या पत्नी. १८६१ मध्ये कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. कॅनिंग यांच्याच कारकिर्दीत, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, चांदा येथे बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांदा त्यातील एक जिल्हा झाला. आजच्या गडचिरोली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा चांद्यातच मोडत असे.

फोर्डच्या शेतमजुरांच्या मुलांना लुईसा यांच्या कुंचल्याने चेहरा दिला. त्याच वर्षांत चांद्याच्या अरण्यातील गोंड-माडिया मुलांकडे कोण पाहत होते, आणि कोणत्या हेतूने? आपल्या परिसरातील जुनी चित्रे, छायाचित्रे अभ्यासताना प्रथम हाच प्रश्न विचारावा. चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले आणि समोर बसलेल्याचे नाव नोंदले गेले की नाही, यांवरून त्या साधनाचे मोल ठरवावे.