औंधचे राजे आणि सतरंजीएवढा आखाडा

रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीत एक चर्चा जोरात चालू आहे. क्लब हाऊसच्या रिकाम्या खोलीत व्यायामाची साधनं बसवायची की नाही? ट्रेडमिल किती घ्यायच्या, सायकली किती, डंबेल्सचा संच कोणत्या कंपनीचा, विजेचं बिल कुणी भरायचं? माझा या गोष्टीला विरोध नाही. मुलं व्यायाम करणार असतील तर खोली जरूर सजवा. मात्र स्मरणिकेच्या निमित्ताने एका माणसाची गोष्ट सांगाविशी वाटते. त्या काळी जगात सर्वात गाजलेली व्यायामाची साधनं या माणसाने घरी आणली, दहा वर्षं नेटाने वापरली आणि मग बाजूला ठेवली. तो माणूस गरीब होता म्हणून नव्हे. तो राजा होता.

औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. संस्थान छोटं, गावं जेमतेम बहात्तर, तीही आजच्या सातारा, सांगली, सोलापूर भागांत विखुरलेली. त्यातला आटपाडीकडचा मुलूख तर कायमचा दुष्काळी. भवानराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून पदवीधर झाले. संस्थानिकांच्या मुलांत त्या काळी ही गोष्ट दुर्मीळ होती.

राजवाड्यातलं जेवण कसं असणार ते सांगायला नको. गोडधोड भरपूर, कष्टाचं काम काही नाही. अंगाने ते स्थूल होऊ लागले. तालमीची परंपरा घरात होतीच. जोर, बैठका, मल्लखांब हे सगळं त्यांनी केलं. पण तो जमाना सँडोचा होता. युजेन सँडो हा जर्मनीतला पहिलवान लंडनमध्ये जाऊन जगप्रसिद्ध झाला होता. त्याचे फोटो, पुस्तकं आणि साधनं टपालाने जगभर जात. त्याच्या डंबेल्सचे दोन भाग असत आणि मध्ये स्प्रिंगा. मूठ आवळून त्या दाबून धरायच्या आणि तशाच स्थितीत हात वर-खाली करायचे. दुसरं साधन रबरी दोऱ्यांचं, ते ताणायचं. पुढे 1904-05 च्या सुमारास सँडो स्वतः हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला, तेव्हा तर इथल्या तरुणांना त्याचं वेडच लागलं.

भवानरावांनी 1897 साली सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली. अनेक जण मागवतात आणि महिन्याभरात साधनं माळ्यावर जातात. यांनी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम दहा वर्षं न चुकता व्यायाम केला. छाती भरली, दंड भरले. तक्रार करायला जागा नव्हती.

तरीही 1908 च्या सुमारास त्यांनी ही साधनं बाजूला ठेवली. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांना सूर्यनमस्काराकडे वळवलं. तसे नमस्कार त्यांना नवे नव्हते. वडील उपासना म्हणून नमस्कार घालीत, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पण व्यायाम म्हणून त्याकडे नीट बघणं तेव्हापासून सुरू झालं. स्नायू फुगवणं वेगळं, आणि पाठीचा कणा, पोट, फुप्फुसं यांना एकाच हालचालीत काम देणं वेगळं, असं त्यांचं मत झालं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी हा व्यायाम सोडला नाही.

आज बहुतेक ठिकाणी बारा स्थिती शिकवतात. पंतांच्या पद्धतीत त्या दहा होत्या. सरळ उभं राहून हात जोडायचे. मग गुडघे न वाकवता खाली वाकून तळवे जमिनीला. एक पाय मागे. दुसराही मागे नेऊन अंग फळीसारखं सरळ. पाचवी स्थिती साष्टांग, यात कपाळ, छाती, दोन्ही हात, गुडघे, पावलं टेकतात पण पोट टेकत नाही. मग छाती उचलून मान मागे. नंतर कंबर वर, अंगाची कमान. पुढच्या तीन स्थितींत आलो तसंच परत, एक पाय पुढे, दुसरा पुढे आणि उभं. तळवे एकदा टेकले की शेवटपर्यंत जागेवरून हलवायचे नाहीत, हा त्यांचा कटाक्ष. श्वास ठरलेल्या जागी घ्यायचा आणि सोडायचा, आणि प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र. यासाठी लागणारं साहित्य म्हणजे एक सतरंजी.

1909 मध्ये ते गादीवर आले आणि स्वतःचा हा नेम त्यांनी संस्थानाचा केला. शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. राजवाड्यातही तेच, राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालीत. बायकांनी व्यायाम करावा हे त्या काळी चारचौघांत बोलायची सोय नव्हती. तिथे पंत आपल्या घरचंच उदाहरण देत. बाळंतपणं झालेल्या स्त्रीलाही हा व्यायाम झेपतो आणि मानवतो, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं. या विषयावर त्यांनी पुस्तकं लिहिली. 1936 च्या सुमारास ते इंग्लंडला गेले तेव्हा सत्तरीकडे झुकलेले हे ताठ गृहस्थ पाहून तिथल्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना कुतूहल वाटलं. त्यांनी संपादित केलेलं पंतांचं इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये लंडनला निघालं. दहा स्थितींचा उल्लेख त्याच्या नावातच आहे. साधनं लंडनहून औंधला आली होती. चाळीस वर्षांनी सतरंजीवरचा व्यायाम औंधहून लंडनला गेला.

तुम्ही म्हणाल, साताऱ्याकडच्या राजाचं आम्हा चंद्रपूरकरांना काय? माझ्यापुरतं उत्तर सूरजागडच्या बाजूला आहे. बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकात माझी बदली एटापल्ली तालुक्यात झाली होती. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये नुकताच वेगळा झाला होता. पावसाळ्यात नाले भरले की रस्ते बंद, वीज बेभरवशाची, तालीम किंवा जिमचं नाव नाही. कर्जाच्या कामासाठी सूरजागडच्या डोंगराकडच्या गावांत जावं लागे. तिथली माडिया माणसं मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जात, डोक्यावर ओझं घेऊन आठवडी बाजाराला मैलोन्मैल चालत. त्यांना कुणी व्यायाम शिकवायची गरज नव्हती. गरज होती ती दिवसभर खुर्चीत बसून लेजर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला.

शाळेत शिकलेले नमस्कार तिथे कामी आले. खोलीत सतरंजी पसरायची, खिडकी उघडायची, सुरुवात करायची. आज त्याच डोंगरातून लोहखनिज भरून ट्रकमागून ट्रक जातात. इतकं लोखंड उशाशी असून मला व्यायामासाठी त्यातलं छटाकभरही लागलं नाही, याची आता गंमत वाटते. पण पंतांचं म्हणणं मला पटलं ते तिथे. ज्याचं काम बसून आहे त्याच्यावर व्यायाम हे रोजचं देणं आहे, मग तो राजा असो की कारकून.

पंत नुसते व्यायामवेडे होते असं कुणी समजू नये. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा त्यांनीच दिली आणि निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांचा मोठा आधार होता. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1938 मध्ये औंधला त्यांनी वस्तुसंग्रहालय उभारलं.

सर्वात मोठी गोष्ट मात्र 1939 ची. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार करून त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, कारभार गावपंचायतींकडे सोपवला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली. तिथे कैदी भिंतीशिवाय राहून शेती करीत. याच भागातल्या गदिमांनी पुढे त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ तयार झाला. मला वाटतं, ज्याने स्वतःच्या शरीरावर रोज राज्य केलं, त्याला दुसऱ्यांवरचं राज्य सोडायला फारसं जड गेलं नसावं.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं. 13 एप्रिल 1951 रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पंत गेले.

आता थोडं सावधपणे. नमस्काराने अनेक आजार बरे होतात असं पंतांना वाटे. ते सगळं जसंच्या तसं धरून चालू नये. ज्यांना रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली वाकू नये. साठी उलटल्यावर सुरुवात करणाऱ्यांनी दोन-चारवर समाधान मानावं. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीचा आधार घ्यावा. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर सूर्य डोक्यावर यायच्या आतच आटपावं. हे रिकरिंग डिपॉझिट आहे. हप्ता लहान चालतो, चुकलेला चालत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर खांद्यावरून नेणारे आज कठड्याला धरून जिने चढतात. काही जण तर खालीच उतरत नाहीत. म्हणून माझी सूचना एवढीच, की जिमची खोली होईल तेव्हा होऊ द्या. तोवर गच्चीवर सकाळी सहा वाजता दहा सतरंज्या पसरता येतील. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागत नाही, वर्गणी लागत नाही. येत्या सोमवारपासून मी तिथे असेन. सतरंजी मात्र ज्याची त्याने आणावी.